लक्ष्यभेदासाठी सेमी-ऑटोमॅटिक .२२ रायफल घ्यावी का, आणि घेतल्यास आधी काय बदलावे?

प्रश्न: जांबोटीचा हवालदार

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या जांबोटी बाजूचा. पायदळात सतरा वर्षे काढून हवालदार म्हणून निवृत्त झालो. आधी एसएलआर आणि नंतर इन्सास ह्या दोनच रायफलींवर हात बसला, त्यामुळे एक गोळी सुटली की दुसरी आपोआप चेंबरात, म्हणजे नळीच्या मागच्या खणात, येऊन बसते आणि गालाचा टेका न हलवता पुढची शिस्त, म्हणजे नेम, घेता येते, ह्याचीच सवय जडली आहे. घरी वडिलांपासून चालत आलेली दुनळी बारा बोअर आहे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर, कारण आमच्याकडे रताळी आणि ऊस दोन्हींवर रानडुकरांचा डोळा असतो. पण त्या बंदुकीने कागदावर नेम धरण्याची हौस भागत नाही.

यंदा उसाचे बिल हाती आले की पन्नास मीटरवर कागदी लक्ष्यावर सराव करण्यासाठी एखादी .२२ घ्यावी असे मनात आहे. बेंगळुरूला नोकरीत असलेला पुतण्या मला अमेरिकेतल्या रुगर १०/२२ ह्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचे व्हिडिओ पाठवतो. तिची नळी, ट्रिगर, दस्ता, सगळे सुटे भाग घरच्या टेबलावर बदलून माणसे पन्नास मीटरवर पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकतात असे त्यात दिसते. मला विचारायचे आहे ते असे, की तशी रायफल आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळते का, मिळत असल्यास पहिला खर्च नळीवर करावा की ट्रिगरवर, आणि मिळत नसल्यास इशापूरच्या सरकारी कारखान्याची बोल्टची (दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे ओढावा लागणारी) .२२ घेऊन तिच्यात तेवढीच सुधारणा होऊ शकते का. मुलगी नववीत आहे, ती बेळगावात दहा मीटर एअर रायफल शिकते, तेव्हा तिच्यासाठीही पुढेमागे काही घ्यावे लागेलच. त्याविषयीही कोणी लिहिल्यास उपकार होतील.

उत्तर १: टिळकवाडीचा पन्नास मीटरवाला

हवालदार साहेब, आधी कायद्याचे सांगतो, कारण तिथेच तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग संपतो. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि सध्याचे शस्त्र नियम २०१६ चे. ह्या नियमांच्या अनुसूचीत सेमी-ऑटोमॅटिक रायफली निर्बंधित वर्गात मोडतात, आणि त्या वर्गाचा परवाना देणे जिल्ह्याच्या हाती नसून केंद्र सरकारच्या हाती आहे. तुमच्या परवान्यावर जी 'नॉन-प्रोहिबिटेड बोअर' (म्हणजे निर्बंध नसलेले बोअर) अशी नोंद असेल, तिच्यावर पुतण्याने दाखवलेली रायफल चढणार नाही. पुन्हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात. बारा बोअर एक धरली तर तुमच्याकडे एकच जागा उरते, आणि ती जागा कशाने भरायची हे नीट विचार करून ठरवावे. परदेशी स्पर्धा-रायफल आणायची झाल्यास तो रस्ता नॅशनल रायफल असोसिएशनच्या मार्फत, स्पर्धेत ठरावीक गुण नोंदवून जातो. दुकानात जाऊन बोट दाखवण्याइतका तो सोपा नाही. तुमच्या कन्येच्या एअर रायफलीला मात्र ही अडचण नाही: बोअर .१७७ म्हणजे ४.५ मिलीमीटरच्या आत आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही, आणि दहा मीटरची स्पर्धा-रायफल जेमतेम ८ ज्यूलच्या आसपास असते.

आता खेळाच्या बाजूने. ऑलिंपिकमधल्या रायफलींच्या एकाही प्रकारात सेमी-ऑटोमॅटिक नसते. प्रत्येक गोळी नेमबाज स्वतःच्या बोटांनी चेंबरात ठेवतो. आपल्या शेजारच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर तीन स्थितींत ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतले ते अशाच बोल्टच्या रायफलीने, आणि कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून मारण्याच्या प्रकारात, विश्वविजेत्या झाल्या त्याही अशाच रायफलीने. पुढची गोळी आपोआप येण्याची घाई ह्या खेळात कोणालाच नसते. उलट बोल्ट ओढायला लागणारा तो थोडा वेळ आमच्यासारख्यांच्या श्वासाला आणि डोळ्याला विसावा देतो.

एक आकडा लक्षात ठेवा, म्हणजे पुढची सगळी चर्चा मोजून करता येईल. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलीमीटर व्यासाचे असते आणि गोळी ५.६ मिलीमीटरची, कड शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचे केंद्र मध्यापासून ८ मिलीमीटरच्या आत पडले पाहिजे. रायफल आणि काडतूस मिळून टेबलावरून दहा गोळ्यांचा पुंजका १५ मिलीमीटरच्या आत टाकत असतील, तर दहा चुकण्याला रायफल जबाबदार नाही.

उत्तर २: उद्यमबागचा लेथवाला

वरच्या उत्तरात कायदा आला. मी यंत्राचे लिहितो, कारण बेळगावच्या उद्यमबागेत तीस वर्षे लेथवर उभा राहून मायक्रॉनांचा, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागांचा, हिशोब करण्यात आयुष्य गेले आणि नेमबाजीचा नाद त्याच कारणाने लागला.

रुगर १०/२२ ही १९६४ पासूनची रायफल. तिच्यात बोल्टला कुलूप नसते. काडतूस फुटताना मागे येणारा रेटा केवळ बोल्टचे वजन आणि स्प्रिंग अडवून धरतात, आणि गोळी निघून गेल्यावर तोच रेटा बोल्ट मागे ढकलून केस, म्हणजे काडतुसाचे रिकामे नळकांडे, बाहेर फेकतो. रचना साधी आहे म्हणून टिकाऊ आहे, पण अचूकतेच्या दृष्टीने तिला काही तडजोडी कराव्या लागतात. पहिली म्हणजे चेंबर थोडे सैल ठेवावे लागते, नाहीतर मेणाने आणि काजळीने माखलेले काडतूस शंभराव्या फैरीला अडकेल. सैल चेंबरात गोळीचे नाक नळीच्या मध्यावर दर वेळी एकाच जागी बसेल ह्याची खात्री राहत नाही. दुसरी, मॅगझिनमधून वर चढताना गोळी उतारावर घासते; .२२ ची गोळी मऊ शिशाची असते आणि तिच्या नाकावर नखाएवढा जरी ओरखडा उठला तरी ती हवेत डोलते. बोल्टच्या स्पर्धा-रायफलीत नेमबाज काडतूस अंगठ्याने पुढे सारतो तेव्हा गोळी नळीतल्या आट्यांना (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांना) किंचित रुतून बसते, आणि बोटाला ती रुतण्याची जाणीवही होते. हे सुख सेमी-ऑटोमॅटिकमध्ये नाही. तिसरी तडजोड ट्रिगरची. मूळ कार्बाइनचे वजन सुमारे सव्वादोन किलो आणि कारखान्यातून येणाऱ्या ट्रिगरचा ओढही जवळपास तेवढाच. म्हणजे रायफल उचलायला जेवढा जोर लागतो तेवढाच ती न हलवता बोटाने लावायचा. पन्नास मीटरच्या स्पर्धा-रायफलीचा ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास सुटतो, ह्यावरून फरक लक्षात यावा.

आता त्या व्हिडिओंमधली माणसे काय करतात ते पाहा. नळी व्ही आकाराच्या एका ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनी धरलेली असते, ट्रिगरचा सबंध डबा दोन आडव्या पिना काढल्या की हातात येतो. त्यामुळे जाड नळी, घट्ट चेंबर आणि हलका ट्रिगर हे सगळे ॲलनकीने बसते. म्हणजेच ते खर्च करून सेमी-ऑटोमॅटिकला बोल्टच्या रायफलीजवळ नेत असतात. तुम्हाला बोल्टचीच घेता येत असताना ही प्रदक्षिणा कशाला?

इशापूरच्या .२२ विषयी माझे मत थोडे कडू आहे, पण प्रामाणिक आहे. ती शेतावरची आणि शिकण्याची रायफल आहे, स्पर्धेची नाही. तिच्यात सुधारणेला वाव आहे तो पुढील गोष्टींत. दस्त्याचे स्क्रू प्रत्येक वेळी सारख्याच ताणाने आवळलेले आहेत का हे पाहावे. लाकडाचा दस्ता आणि लोखंड ह्यांच्यातली बैठक एकसारखी नसेल तर पहिली गोळी एका गावाला आणि सहावी दुसऱ्या गावाला जाते. नळी दस्त्याच्या पुढच्या भागाला मध्येच टेकत असेल तर कागदाची पट्टी सरकवून ती जागा शोधावी. नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली बघावी, कारण गोळीला सर्वांत शेवटी शिवणारी जागा तीच. कित्येक वर्षे पुढून सळई घालून साफ केलेल्या जुन्या रायफलींची ही कड एका बाजूने झिजलेली असते. हे सगळे परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्यावे. मी स्वतः दिवसभर लेथ चालवतो, तरी बंदुकीच्या नळीला कधी चक लावलेला नाही, आणि लावणार नाही. शस्त्र बनवणेच काय, व्यवसाय म्हणून दुरुस्त करायलाही कायद्याने वेगळा परवाना लागतो. उद्यमबागेत "शेठ, एवढी नळी जरा टर्न करून द्या" असे म्हणत येणारे महिन्याकाठी एखादे भेटतात. त्यांना चहा पाजून परत पाठवतो.

ट्रिगरला हात लावण्याविषयी माझाच धडा सांगतो. एका स्प्रिंगच्या एअर रायफलीचा ट्रिगर जड वाटला म्हणून मी त्यातल्या अटकावाची धार तेलदगडावर घासून गुळगुळीत केली. हाताला इतका सुरेख लागत होता की दोन दिवस मी सगळ्यांना ओढून दाखवला. तिसऱ्या दिवशी नळी मोडून बंद करताना ती आपोआप सुटली. छर्रा फरशीवर आपटून कपाटाच्या दारात रुतला. धारेचा कोन माझ्या हाताने अर्धा अंशही बदलला नसेल, पण वरचा कडक थर घासला गेला होता आणि खालचे मऊ लोखंड दाबाखाली वाकत होते. तेव्हापासून ट्रिगर हलका हवा असेल तर कारखान्याने दिलेल्या समायोजन स्क्रूपलीकडे मी जात नाही.

उत्तर ३: निपाणीचा सुभेदार, निवृत्त

लेथवाले जे लिहितात ते यंत्राच्या दृष्टीने बरोबर असले तरी सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे अचूक नाहीच, असा समज होता कामा नये. आपल्याच लष्कराने ड्रॅगुनोव्ह ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल नेमबाजांच्या हाती वर्षानुवर्षे दिली. आणि एसएलआरवर ज्यांनी काम केले आहे त्यांना ठाऊक आहे, की गॅस रेग्युलेटर नीट लावलेली आणि झिरो केलेली, म्हणजे नेम आणि गोळी जुळवून घेतलेली, रायफल मागच्या भोकातून शिस्त घेणाऱ्या चांगल्या जवानाच्या हाती दिली तर ती तक्रारीला जागा ठेवत नाही. हवालदार, आपण दोघांनीही पाहिले आहे, की ग्रुपिंगच्या वेळी ज्याचा पुंजका पसरतो तो आधी रायफलीला दोष देतो, आणि उस्ताद तीच रायफल घेऊन आडवा होतो तेव्हा पाचही गोळ्या तळहाताखाली येतात.

म्हणून माझा सल्ला असा, की रायफल घेण्यापूर्वी तीन महिने कोरडा, म्हणजे गोळी न भरता, सराव करावा. पण लष्करातली एक सवय इथे मोडावी लागेल. एसएलआरचा घोडा आपण रिकाम्या चेंबरवर हजार वेळा पाडत होतो आणि काही बिघडत नव्हते. .२२ चे काडतूस कडेवर फुटते, त्यामुळे चेंबर रिकामे असताना पिन बहुतेक रायफलींत चेंबरच्या काठावरच आपटते आणि तिथे खळगा पडतो. वापरलेले केस आत ठेवून, दर वेळी ते थोडे फिरवून, मगच चाप ओढावा. नळीच्या टोकाशी एक रुपयाचे नाणे ठेवून चाप सोडण्याचा आपला जुना व्यायाम आठवत असेलच. नाणे पडले की समजावे, बोटाने नाही, मनगटाने ओढले.

आणखी एक. उभ्या आयुष्यात आपण "शिस्त" हा शब्द नेम धरण्यासाठी वापरला, गावी आल्यावर लोक त्याचा भलताच अर्थ घेतात. पण मला वाटते आपला अर्थही अगदीच वेगळा नाही. शरीर सैल सोडून, डोळे मिटून दोन श्वास घ्यावे आणि डोळे उघडल्यावर नेम जिथे पडला असेल तिथून तो हाताने ओढून लक्ष्यावर आणू नये. पोट आणि पाय हलवून सगळे शरीरच त्या दिशेला वळवावे. हाताने ओढलेला नेम चाप सुटल्याबरोबर परत आपल्या जागी जातो आणि गोळीही त्याच्याबरोबर जाते. ह्याला एक पैसा लागत नाही, म्हणून ह्याचे व्हिडिओ फारसे निघत नसावेत.

उत्तर १ चे लेखक पुन्हा

सुभेदार साहेबांशी मी सहमत आहे, पण टेबलावर सँडबॅग ठेवून रायफल तपासणे आणि माणूस तपासणे ही दोन कामे वेगळी ठेवावी लागतात, नाहीतर कोण चुकते हे कधीच कळत नाही. तपासणी करताना पाच गोळ्यांच्या एखाद्या सुंदर पुंजक्यावर भाळू नये. तो नशिबाने पडतो. दहा-दहा गोळ्यांचे चार पुंजके घ्यावे आणि सगळ्यात वाईटाकडे पाहावे. व्हिडिओतले नाणे बहुधा चारांपैकी सर्वांत चांगल्या पुंजक्यावर ठेवलेले असते.

आणि पहिला खर्च कशावर, ह्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर नळी नाही आणि ट्रिगरही नाही, तर काडतूस आहे. वेगवान म्हणून विकली जाणारी .२२ काडतुसे गोळीला सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास सोडतात. ध्वनीचा वेग सुमारे ३४० मीटर. म्हणजे ती गोळी ध्वनीपेक्षा वेगाने निघते आणि पन्नास मीटरच्या आसपास पोहोचेपर्यंत त्या वेगाखाली येते, आणि तो उंबरा ओलांडताना तिला जो हेलकावा बसतो त्याने पुंजका उघडतो. स्पर्धेची काडतुसे म्हणूनच मुद्दाम मंद, ३२५-३३० मीटरच्या आसपास ठेवलेली असतात. त्यातही एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट, म्हणजे वेगवेगळ्या खेपांत बनलेली काडतुसे, एकाच नळीतून वेगळे वागतात. मी स्वतः एकदा एका लॉटवर समाधानी होऊन पुढच्या वर्षी तेच नाव, तोच रंग, पण वेगळा लॉट आणला आणि दोन महिने माझ्या डाव्या कोपराला शिव्या घातल्या. जुन्या लॉटची एक डबी कपाटात सापडली तेव्हा कोपर निर्दोष सुटले.

वाऱ्याचेही आपल्या भागात नीट शिकावे लागते. सेकंदाला एक मीटर इतका आडवा वारा, म्हणजे गालाला जेमतेम लागणारा, पन्नास मीटरवर .२२ च्या गोळीला पाच-सहा मिलीमीटर सरकवतो. वर लिहिलेल्या आठ मिलीमीटरांपैकी बहुतेक तिथेच संपले. जूनपासून चोर्ला घाटाच्या बाजूने जो पश्चिमेचा वारा सुरू होतो त्यात उघड्यावर रायफलीची अचूकता तपासायला बसू नये. दिवाळीनंतरची सकाळ त्यासाठी उत्तम.

उत्तर ४: शहापूरची आई

हवालदार दादा, तुमच्या मुलीविषयी परवान्यापलीकडे कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहिते. माझी मुलगी पाच वर्षे दहा मीटर खेळते आहे आणि ह्या पाच वर्षांत चुका करण्याचे काम बहुतांशी मीच केले आहे.

दहा मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो, म्हणजे छापील पूर्णविरामाएवढा. पण छर्रा साडेचार मिलीमीटरचा असल्यामुळे केंद्र अडीच मिलीमीटरच्या आत असले तरी दहा लागतात. आजची कोणतीही स्पर्धा-रायफल, जर्मन असो की देशी बनावटीची चांगली असो, योग्य छर्ऱ्याने टेबलावरून एकाच भोकात मारते. त्यामुळे रायफलीचे नाव पाहण्यापेक्षा तिचा दस्ता मुलीच्या अंगाला किती बसवता येतो ते पाहावे. नववीतली मुलगी दोन वर्षांत चार बोटे वाढते. गालाचा टेका, खांद्याचा तळ आणि पकड पुढेमागे, वरखाली होत नसतील तर ती मान वाकवून नेम धरू लागते आणि मग ती मान सरळ करायला प्रशिक्षकांना वर्ष लागते. वजनाची मर्यादा साडेपाच किलोपर्यंत असली म्हणून तेवढे वजन घालायचेच असे नाही.

आम्ही पहिली रायफल जुनी घेतली. विकणारा माणूस सभ्य वाटला, रायफल झकपक होती, आणि मी नळी बघितली, ट्रिगर बघितला, दस्त्यावरचे चरे मोजून किंमत पाडून घेतली. हवेच्या सिलिंडरवर बारीक अक्षरांत कोरलेली तारीख मात्र कोणी वाचली नाही. ह्या रायफलींचे सिलिंडर २०० बारच्या दाबाने भरतात आणि त्यांचे आयुष्य बनवल्यापासून दहा वर्षांचे धरले जाते. ते वैध असल्याची जबाबदारी खेळाडूवर असते. आमचे अकरा वर्षांचे होते. ते कळले स्पर्धेच्या आदल्या दिवशी साहित्य तपासणीच्या टेबलाशी, जेव्हा तपासणाऱ्या बाईंनी चष्मा वर करून सिलिंडर उजेडात फिरवले आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिले. मुलगी उसन्या सिलिंडरवर खेळली. विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही. तेव्हा जुनी रायफल घेताना आधी सिलिंडर उघडून तारीख वाचा आणि नव्या सिलिंडरची किंमत मनात धरूनच बोली करा.

छर्ऱ्यांचे काडतुसांसारखेच आहे. सपाट तोंडाचे, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचे छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ अशा डोक्याच्या मापांत मिळतात आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. रायफल चिमट्यात धरून प्रत्येक मापाचे दहा-दहा मारून बघायला क्लबात सांगा. त्या एका दुपारने जे गुण वाढतात ते कोणत्याही सुट्या भागाने वाढत नाहीत.

पावसाळ्याचे तुम्हाला सांगायला नको. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस बेळगाव शहरापेक्षा केवढा तरी जास्त. दमट हवेत हातपंपाने सिलिंडर भरला तर हवेबरोबर पाणीही आत दाबले जाते आणि ते आतल्या झडपांना गंज चढवते. आम्ही जून ते सप्टेंबर हातपंप बंदच ठेवतो, क्लबाच्या मोठ्या सिलिंडरमधून भरून आणतो. रायफल तिच्या पेटीत फोमवर महिनोन्महिने झाकून ठेवू नये, फोम ओल धरून ठेवतो.

प्रश्नकर्ता पुन्हा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण लिहिण्याआधी स्वतः मोजून पाहावे असे ठरवले होते. ओळखीच्या एका क्लब सदस्यांनी त्यांची जुनी बोल्टची .२२ स्वतः समोर उभे राहून चालवू दिली. सकाळी साडेसातला, वारा नसताना, वाळूच्या पिशवीवर ठेवून पन्नास मीटरवर तीन प्रकारच्या काडतुसांचे दहा-दहा गोळ्यांचे पुंजके घेतले. वेगवान काडतुसांचा पुंजका ४१ मिलीमीटर आला. स्पर्धेच्या पहिल्या डबीचा २३, आणि दुसऱ्या लॉटचा १६. रायफल तीच, खांदा तोच, सकाळही तीच. मग पिशवी काढली आणि पट्टा लावून आडवा होऊन मारले, तेव्हा सगळ्यात चांगल्या काडतुसाचाही पुंजका ५२ वर गेला. सुभेदार साहेब, नाण्याचा व्यायाम त्याच संध्याकाळी सुरू केला. पहिल्या दिवशी वीसपैकी चौदा वेळा नाणे पडले आणि मुलीने ते वहीत लिहून ठेवले आहे.

सेमी-ऑटोमॅटिकचा विचार सोडला. पुतण्याला कळवले, तो थोडा हिरमुसला. परवान्यावर उरलेली जागा इतक्यात भरणार नाही. वर्षभर क्लबातल्या रायफलीवर मारीन आणि जे पैसे वाचतील त्यांत आधी मुलीची रायफल होईल. एक शेवटची शंका आहे. त्या सदस्यांची रायफल साफ करून, नळीला तेल लावून ठेवलेली होती. पहिल्या तीन-चार गोळ्या उजवीकडे वर गेल्या आणि मग पुंजका जमू लागला. त्या गोळ्या मी मोजल्या नाहीत. हे बरोबर केले की मनाला फसवले?

उत्तर २ चे लेखक पुन्हा

बरोबर केले. तेल लावलेल्या नळीतून पहिल्या गोळ्या इकडेतिकडे जातातच. तेल निघून जाऊन गोळीवरच्या मेणाचा पातळ थर आत सारखा बसेपर्यंत नळी स्थिरावत नाही. फक्त पुढच्या वेळी किती गोळ्यांनंतर पुंजका जमला तो आकडा प्रत्येक वेळी लिहा, कारण तो त्या नळीचा स्वभाव असतो. तो कळला की स्पर्धेपूर्वीच्या सराव-गोळ्यांत तेवढ्या आधीच मारून मोकळे होता येते. आणि मारण्याआधी नळीतून कोरडी चिंधी एकदा ओढायला विसरू नका, आमच्या इथल्या पावसात तेलाखाली काय साचलेले असते ते त्या चिंधीवरच दिसते.